बिनलिव्हरचा पाना

आमच्या घरमालकीणबाई पाना डोळे मिटून विकत घ्यायच्या. साडी घ्यायची तर दुकानदारानं पहिली दाखवली ती उचलायच्या, रंगसुद्धा घरी येऊन बघायच्या; पण पाना म्हटलं की शहागंजचा अख्खा बाजार खोळंबला तरी चालेल. हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर पिशवी ठेवायची, पिशवीतून वनस्पती तुपाचा जुना पत्र्याचा डबा काढायचा, आणि दुकानदार चाचा जो जो पाना पुढं करतील तो त्या डब्यात घालून बघायचा. डब्याच्या तळाला आतून एक बोल्ट बसवलेला होता. बाजूला, पाना धरलेला हात जेमतेम शिरेल एवढी फट कापलेली. फटीतून हात आत, डोळे गच्च बंद, ओठांशी पुटपुटणं चालू. येणारेजाणारे थांबून बघायचे. एकदा एकानं मला हळूच विचारलं, "कौनसा मंतर पढ रहे?" मी म्हटलं, "तेरा नंबरचा."

मी त्यांना विचारलं होतं, काकू, डोळे कशाला मिटता? त्या म्हणाल्या, "अडचणीच्या जागी डोळे जातात का? हात जातो. मग हातालाच विचारायला नको?"

मी जालन्याहून नोकरीसाठी आले तेव्हा उस्मानपुऱ्यात त्यांच्या बंगलीची मागची खोली मला भाड्यानं मिळाली, आणि पहिल्याच दिवशी कळलं की बाईंचं सगळंच वेगळं आहे. मी दार वाजवलं, तर आतून आवाज आला, "कोण बोलतंय?"

कोण आहे, नाही. कोण बोलतंय. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेली होती, आणि रिटायर झाल्या तरी ती नोकरी काही त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. नवा दूधवाला गोंधळून दारातून म्हणायचा, "मी बोलत नाय काकू, मी दूध आणलंय." भांडण रंगात आलं की "मी लाइन तोडते" म्हणून आत निघून जायच्या. दुपारी कुणी गप्पा मारायला आलं आणि त्यांचा मूड नसला तर तोंडावर सांगायच्या, "लाइन बिझी आहे." आलेल्या बाईसमोर त्या नुसत्या खुर्चीत बसलेल्या असायच्या, बिझी कसल्या! पण त्यांच्या आवाजात अशी काही सरकारी नम्रता होती की माणूस मुकाट परत जायचा.

घरातली सगळी दुरुस्ती त्या स्वतः करायच्या. नळ, गीझर, कूलर, माझ्या सायकलचं चाक. पाने त्यांच्या देवघराच्या खालच्या कप्प्यात असत, तेलाच्या फडक्यात गुंडाळून. नवऱ्याचा फोटो मात्र देवघरात नव्हता आणि हॉलमध्येही नव्हता. तो होता मागच्या भिंतीवर, बोअरच्या स्विचच्या बरोबर वर. ते गेले तेव्हा मुलगा लहान होता. जाण्याआधी त्यांनी केलेलं शेवटचं मोठं काम म्हणजे हा बोअर. बाई रोज सकाळी स्विचवर बोट ठेवून फोटोकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "अहो, चालू करते हं." मग मोटार घुमायची. मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर नंतर मी खोलीत कान देऊन त्या वाक्याची वाट बघायला लागले, ते ऐकल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखं वाटेना.

ती वर्षं दुष्काळाची होती. महापालिकेचा नळ आठवड्यातून कधीतरी यायचा आणि आला की रस्त्यावर बायकांच्या हाका, ड्रमची ओढाओढ, एकच कल्ला. जायकवाडी धरणात किती उरलंय याची चौकशी लोक घरच्या आजाऱ्याची करावी तशी करायचे. आणि गंमत बघा, पाणी नव्हतं पण शहर मात्र वाढत होतं. गावाकडनं माणसं येत होती, प्लॉटच्या प्लॉट भरत होते, जिथं म्हणून मोकळी जागा दिसेल तिथं सेंट्रिंगच्या फळ्या उभ्या राहत होत्या.

बाईंच्या मागचा प्लॉटही असाच गेला. तिथं तीन मजली अपार्टमेंट आलं, आणि आलं ते थेट हद्दीच्या रेषेवर. बाईंचा बोअर होता त्या हद्दीलगतच. यजमानांनी तो घेतला तेव्हा पलीकडं मोकळं रान होतं, बाभळी होत्या. आता बोअरच्या तोंडापुढं चार बोटांची फट सोडून विटांची भिंत उभी राहिली. बांधकाम चालू असताना बाई खुर्चीवर चढून रोज बिल्डरशी भांडल्या, महापालिकेच्या चकरा मारल्या, काही उपयोग झाला नाही. मग त्यांनी त्या भिंतीशीच अबोला धरला. अपार्टमेंटमधल्या लोकांनी वास्तुशांतीचे पेढे पाठवले, ते परत केले. "त्या लोकांशी माझं कनेक्शन नाही," म्हणाल्या. तिथं कोण राहतं, किती राहतं, काही विचारायचं नाही, बोलायचं नाही. मी जिन्यातल्या एका बाईला बघून नुसती हसले होते, तर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

मुलगा पुण्याला होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तेच बोलणं व्हायचं. आई, एकटी किती दिवस राहणार, घर विकून टाक, इकडं ये. बाई म्हणायच्या, "बोअर चालू आहे तोवर मी इथंच. तो बंद पडला की मला न्यायला ये. ठरलं ना आपलं? ठरलं तर मग." आणि फोन ठेवून द्यायच्या. मुलाला वाटायचं आईनं अट घातली आहे. मला ठाऊक होतं, त्यांनी त्या बोअरला मिठी मारली होती.

आणि मग त्या उन्हाळ्यात एका सकाळी "अहो, चालू करते हं" झालं, आणि मोटार घुमलीच नाही.

मिस्त्री आला. त्यानं फटीत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, पाणी आहे खाली, मोटार जळलीय. वर ओढून काढली की दुरुस्त होईल. पण काढायची कशी? पाइपाला वर धरून ठेवणारी लोखंडी पकड बोल्टनं आवळलेली, आणि बोल्टाचं डोकं भिंतीच्या बाजूला. आपल्या बाजूचा नट यजमानांनी चोरी होऊ नये म्हणून वेल्डिंग करून टाकलेला. साधा पाना लावला तर फिरवायला जागा नाही. कापायचं म्हटलं तर झटक्यानं पाइप, मोटार, सगळं खाली बोअरमध्ये जाईल. "काकू, त्याचा नाद सोडा," मिस्त्री म्हणाला. "हा बोअर गेला समजा."

बाईंनी त्याला चहा दिला आणि म्हणाल्या, "रविवारपर्यंत कुणाला बोलू नकोस." रविवारी मुलाचा फोन यायचा होता. स्वतःचा चहा तसाच ठेवून त्या डबा पुसायला बसल्या.

दुपारी डबा पिशवीत टाकून आम्ही शहागंजला. रॅचेटचा पाना हवा होता. हा पाना एकदा बोल्टावर बसवला की काढावा लागत नाही. जरा पुढं, जरा मागं, एवढंच करायचं. पुढं नेताना बोल्ट फिरतो, मागं आणताना नुसता कर्र असा आवाज येतो. चार बोटं जागा असली तरी काम होतं. चाचांनी आधी गोटी पान्याचा सेट काढला. बाईंनी डब्यात हात घातला, लगेच बाहेर काढला. "डोकं जाड आहे याचं. भिंतीला घासेल." मग दुसरा. तो कानाजवळ धरून फिरवला. "दाते मोठे आहेत हो. याला फिरायला गाव लागेल. बारीक दात्यांचा द्या, मुंगीच्या पावलानं सरकणारा." चाचा बिचारे पेटीमागून पेटी उघडत होते. शेवटी दोनच उरले. एकाच्या डोक्यावर बारीकसा लिव्हर होता. तो दाबला की पाना उलट्या दिशेनं काम करतो. दुसरा बिनलिव्हरचा, पोळीसारखा पातळ. त्याची दिशा बदलायची तर बोल्टावरून काढून पालथा करावा लागतो.

चाचा म्हणाले, "बाई, लिव्हरवाला लेव. सीधा बी चलता, उलटा बी चलता."

बाईंचा हात डब्यात होता, डोळे मिटलेले. "हा जाड लागतोय. आणि मला उलटं कशाला जायचंय? एकदा सोडवायला घेतलं की सोडवायचं."

"सोच के लेव बाई."

"सोचलं."

बिनलिव्हरचा सेट घेऊन आम्ही घरी आलो. परत येताना रिक्षात त्या पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि आतल्या आत हसत होत्या. मला म्हणाल्या, "बघ, रविवारी मी त्याला काय सांगते ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पाटावर बसल्या, फटीत खांद्यापर्यंत हात घातला, डोळे मिटले. मिस्त्रीनं पाइपाला दोर बांधून धरला होता. कर्र. कर्र. कर्र. बोल्ट हलला! मी टाळ्याच वाजवल्या. बाई नुसत्या मान डोलवत होत्या, गाणं चालू असल्यासारख्या. बोल्ट सुटत सुटत बाहेर येत होता, पाना त्याच्यासोबत पुढं सरकत होता, आणि मग आवाज थांबला. पुढं जाईना. मागं घेतलं की नुसतं कर्र. बाईंनी डोळे उघडले.

बोल्टाचं डोकं भिंतीकडं सरकलं होतं आणि पाना त्याच्या नि भिंतीच्या मध्ये चिमटीत सापडला होता. बोल्ट परत आत घालावा तर पाना उलटा फिरत नाही. पाना उलटा करावा तर काढायला जागा नाही. मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. अर्धवट सुटलेली पकड आता कधीही दगा देईल, म्हणून त्यानं दोराला आणखी दोन वेढे दिले आणि म्हणाला, "आता तर संपलंच की ओ."

बाई डबा घेऊन बसल्या. उलटसुलट करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "या डब्याला झाकणच नाही गं. झाकण कधीचं हरवलंय. समोर भिंत असते, हे मी डब्यात कधी घातलंच नाही."

मी म्हटलं, "काकू, पलीकडनं एक वीट काढली तर..."

"नाही."

"मी जाऊन विचारते."

"खबरदार! मी पुण्याला जाईन, पण त्या लोकांच्या दारात जाणार नाही."

मला राग आला त्यांचा, खरं सांगते. एवढा कसला हट्ट! पण त्या तशाच बसून राहिल्या, फोटोसमोर, जेवल्या नाहीत. मिस्त्री दोर धरून कंटाळला, त्यानं तो खांबाला बांधला. दुपार कलली तेव्हा बाई उठल्या. पेटीतला सगळ्यात मोठा पाना घेतला, फटीशी गेल्या, आणि भिंतीवर ठोकायला लागल्या. टक टक. थांबल्या. टक टक. फोनची घंटी वाजते तसं.

पलीकडनंही आलं. टक टक.

बाईंनी फटीला तोंड लावलं आणि त्यांचा तो जुना, स्वच्छ, ऑपरेटरचा आवाज निघाला, "कोण बोलतंय?"

"मी सुरेखा!" पलीकडनं घाबरलेला आवाज आला. "तुमी कोण? कुठून बोलायलात?"

"मी पलीकडची. नाव छान आहे गं तुझं. एक काम होतं."

दारात जायचं नव्हतं, ते त्यांनी पाळलंच. पण मग त्यांनी सगळं सांगितलं. बोअर, बोल्ट, पाना, झाकण नसलेला डबा, पुणं. त्या भिंतीशी जेवढं बोलल्या तेवढं समोरच्या माणसाशी कधी बोलल्या नव्हत्या. पलीकडनं आवाज आला, "हितं आमची मोरी हाय काकू. थांबा, बघते."

"घरमालकाला विचार आधी."

"इचारलं तर नायच म्हणंल त्यो. मागून बोंबलंल तर बोंबलू द्या. गावाकडं पाणी नाय म्हणून हितं आलो, आन तुमच्या बोअरात पाणी हाय ते मरू देऊ व्हय?"

छिन्नीचे घाव ऐकू यायला लागले. बराच वेळ. मग वीट हलली, माती पडली, आणि त्या भोकातून हिरव्या बांगड्यांचा एक हात आमच्याकडं आला. पाना चाचपून त्यानं धरला. बाई इकडून सांगत होत्या, "पुढं. आता मागं. हं. पुढं." कर्र, कर्र, कर्र, आणि बोल्ट टणकन सुरेखाच्या मोरीत पडला. ती पलीकडं हसायला लागली, मी अलीकडं रडायला लागले, आणि बाईंनी तो हिरव्या बांगड्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. शेवटी ती म्हणाली, "काकू, हात द्या की माजा."

रविवारी बाईंनी मुलाला सांगितलं, "बोअर चालू आहे." बस्स, एवढंच.

मोटार दुरुस्त होऊन बसली, बोल्टाचं डोकं यावेळी आपल्या बाजूला आलं, पण भोक बुजवायचं कुणी नावच काढेना. त्यातून एक पाइप पलीकडं गेला. सुरेखाकडून वरच्या मजल्यांवर हंडे जायला लागले. पाण्यापाठोपाठ बाकीचं. येसर आमटीची वाटी, गुंडाळी करून दिलेलं धपाटं, कडीपत्ता, सुरेखाच्या मुलाच्या गणितातला प्रश्न. मोठं ताट त्यातून जात नसे, त्यामुळं सगळा व्यवहार वाटीवाटीनं चालायचा. दुपारी बाई फटीशी पाटावर बसायच्या. आता कुणी भेटायला आलं आणि त्या म्हणाल्या लाइन बिझी आहे, तर ती खरंच बिझी असायची.

मजा अशी की दोघी समोरासमोर कधी भेटल्या नाहीत. घरं मागं-पुढं, गल्ल्या वेगळ्या. एकदा भाजीवाल्याकडं बाई मेथीच्या शेवटच्या जुडीसाठी एका बाईशी कडाकडा भांडल्या. जुडी ओढता ओढता त्यांची नजर हातावर गेली. हिरव्या बांगड्या, अंगठ्याजवळ छिन्नीचा व्रण. "सुरेखा?" त्या म्हणाल्या. मग तिथंच रस्त्यावर दोघी एवढ्या हसल्या की भाजीवाल्यानं जुडी दुसऱ्यालाच विकून टाकली.

लोक दुष्काळाच्या आठवणीनं आजही शहारतात. मी कुणाला बोलून दाखवत नाही, पण मला त्या दिवसांची फार आठवण येते. अंगावर पाण्याचा तांब्या जपून घ्यावा लागायचा, कपडे चार दिवस तेच असायचे, आणि तरी संध्याकाळी त्या फटीजवळ जाऊन उभं राहिलं की जीव थंड व्हायचा.

मग पाऊस झाला. चांगला झाला, दोन वर्षं लागोपाठ झाला. नळ नियमित यायला लागले. सुरेखाच्या नवऱ्याचं कंपनीत बरं झालं, त्यांनी वाळूजकडं स्वतःची जागा घेतली. जाताना ती भोकातून हात घालून खूप रडली. तिच्यामागं घरमालकानं मोरीला नव्या पांढऱ्या फरशा बसवल्या. भोक बुजलं. आमच्या बाजूनं विटेवर ताजं सिमेंट दिसायला लागलं.

बाईंनी दोन-तीनदा ठोकून पाहिलं. टक टक. पलीकडं कुणीतरी नवं होतं, त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यानंतरच्या रविवारी मी भाडं द्यायला गेले होते. मुलाचा फोन चालू होता. मागं मोटार घुमत होती, टाकीत पाणी धो धो पडत होतं. बाईंनी फोनवर हाताची ओंजळ धरली, तो आवाज तिकडं जाऊ नये म्हणून, आणि म्हणाल्या, "बंद पडला रे बोअर. हो, कालच. ये न्यायला."

फोन ठेवला. माझ्याकडं पाहिलं. मग उठून फोटोखालचा स्विच त्यांनी बंद केला आणि फोटो काढून पदरानं पुसला.

पाने त्या पुण्याला घेऊन गेल्या. डबा मला दिला. अधूनमधून फोन करायच्या. म्हणायच्या, "इथं सोसायटीचा माणूस आहे गं. काही बिघडायच्या आत येतो नि नीट करून जातो. काहीच अडत नाही." बोलताना पाठीमागं कर्र कर्र असा आवाज यायचा. हातात पाना घेऊन बसलेल्या असायच्या, दुसरं काय. असं करता करता एक दिवस मुलाचाच फोन आला.

उस्मानपुऱ्यातल्या त्या जागेवर आता पाच मजले आहेत, खाली पार्किंग आहे. मी बायपासकडं फ्लॅटमध्ये राहते. माझ्या सिंकच्या मागं शेजारणीचं सिंक आहे. तिनं नळ सोडला की मला ऐकू येतं. तिचं नाव मला माहीत नाही. लिफ्टमध्ये आम्ही दोघी मोबाइलकडं बघतो.

परवा सिंकखालचा नट ढिला झाला. प्लंबरला फोन लावता लावता ठेवून दिला, माळ्यावरून डबा काढला आणि शहागंजला गेले. चाचा खूप म्हातारे झालेत. मला त्यांनी ओळखलं नाही, डबा ओळखला. "ये तो... बाई कैसे हैं?"

"गेल्या चाचा."

त्यांनी डब्यावर हात ठेवला. मग न सांगताच उठले आणि दोन पाने माझ्यापुढं ठेवले. एक लिव्हरचा, एक बिनलिव्हरचा. मी फटीतून हात आत घातला आणि डोळे मिटले. कर्र. कर्र. डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, बाजारात, भर दुपारी.

"लिव्हरवाला लेव बेटा," चाचा म्हणाले. "दूसरा तंग जगे में फंसता. तुमारे बाईच बोले थे उनका फंसा था, याद है ना?"

"आहे ना," मी म्हटलं. "बिनलिव्हरचाच द्या."

"अरे पर फंसा तो?"

"फसू द्या चाचा. तेवढंच शेजारणीचं नाव तरी कळेल."